स्टे नावाचा शब्द आणि सारवलेलं गायरान

आमच्याकडं स्टे आणतात. मिळवतात, घेतात, लावतात, आणि मग एक दिवस तो उठतो. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसालाही मराठवाड्यात हा शब्द येतो. वैजापूरला आमच्या घरात तो सकाळच्या चहाबरोबर असायचा, कारण चुलत्यांनी सामाईक विहिरीवर स्टे आणला होता. लहानपणी मला वाटायचं, स्टे म्हणजे कुणीतरी माणूस असणार. फेटा बांधून विहिरीच्या काठावर बसलेला, कुणाला पाणी भरू न देणारा. मी दोनदा त्याला बघायला गेले होते.

या शब्दाबद्दल लिहायचंय, कारण त्याच्या भरवशावर मी एकवीस घरं घालवली. असं म्हटलं की आमच्या कार्यकर्त्यांच्या गटातले लोक चिडतात. मी घालवली असं लिहू नकोस, व्यवस्थेनं घालवली असं लिही, म्हणतात. व्यवस्थेनं घालवलीच, त्यात मला शंका नाही. पण व्यवस्थेच्या हातात कागद मी दिला, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

तेव्हा मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका खोलीत राहायचे, इंग्रजी घेऊन एम.ए. करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. पाण्यावर, रेशनवर, मुलींच्या वसतिगृहावर. पत्रक कसं लिहायचं हे मला एका जुन्या कार्यकर्त्यानं शिकवलं होतं. मथळा असा पाहिजे की चालणाऱ्याचा पाय थांबावा, मधे एक फोटो, आणि शेवटची ओळ अशी की टपरीवर कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवावी. माझ्या शेवटच्या ओळी चांगल्या व्हायच्या. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला छापखानेवाला जुळणी करताना आधी शेवट वाचायचा आणि मान डोलवायचा. मला त्याचा गर्व होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

पैठण रस्त्यानं बिडकीनच्या अलीकडं आत वळलं की एका गावाचं गायरान लागायचं. त्याच्या टोकाला मेंढपाळांची एकवीस घरं होती. दगडमातीची कंबरभर भिंत, वर पत्रे, पुढं मेंढरांसाठी काट्यांचं कुंपण. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोरलीच्या सासऱ्यानं तिथं पहिलं पाल ठोकलं, असं ते सांगायचे. थोरली म्हणजे त्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. मागं सगळे तिला थोरली म्हणायचे आणि समोर आई. तिचा मुलगा पन्नाशीचा होता. वस्तीच्या वतीनं बोलायचं काम त्याच्याकडं होतं, कारण फोनवर न ओरडता बोलता येणारा तो एकटाच होता. मला तो म्याडम म्हणायचा. हा मान नव्हता, टोमणा होता. पहिल्या दिवशी मी मेंढरांच्या मधून सरळ चालत गेले आणि कळप फुटला, तेव्हापासून.

त्या भागात कारखाने येणार असं झाल्यावर आजवर कुणाच्या डोळ्यात न भरलेली एकेक मोकळी जागा साहेबलोकांना दिसायला लागली. हे गायरान गोदामांना द्यायचं ठरलं. वस्तीवर नोटीस आली, पंधरा दिवसांत निघा. कागद कुणालाच वाचता येईना म्हणून थोरलीच्या मुलानं तो फोनमधून कुणाला तरी पाठवला, तिथून तो फिरत फिरत माझ्याकडं आला. असं आमचं नातं जुळलं.

आम्ही कोर्टात गेलो. वकीलसाहेब जुन्या शहरातले, सत्तरीचे. आमच्यासारख्यांची कामं ते उधारीवरसुद्धा नाही, फुकटच करायचे, आणि त्याबद्दल आम्हाला यथेच्छ बोलायचे. तुम्हाला घोषणा देता येतात, अर्ज लिहिता येत नाही, तुमच्या अर्जात उद्गारचिन्हं असतात, कोर्ट काय क्रांती चौक आहे का. त्यांच्या मराठीत अर्धी उर्दू असायची आणि रागात आले की सगळीच.

दिवाळीच्या तोंडावर स्टे मिळाला. पुढच्या तारखेपर्यंत कुणाला हलवायचं नाही, ताबा जैसे थे. हुकमाची नक्कल मिळायला दुपार गेली. मी त्यांच्या ऑफिसात बसून होते आणि माझ्याच्यानं बसवत नव्हतं. पत्रकाचा मथळा मी मनात केव्हाच जुळवला होता. वकीलसाहेबांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. पुठ्ठा सुटलेला होता, नाडीनं बांधलेला. तुम्ही इंग्रजी शिकता ना, म्हणाले, मग ज्याच्यासाठी एवढ्या उड्या मारताय त्याची जात तर बघा. आणि पान काढून माझ्यापुढं सरकवलं.

मी तोवर समजत होते की स्टे हा एक शब्द आहे. कोशात त्याच्या तीन वेगळ्या नोंदी होत्या, एकीखाली एक, प्रत्येकीला वेगळं मूळ.

पहिला स्टे थांबण्याचा, राहण्याचा. हा लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ उभं असणं. आपल्या स्थानाचं, स्थितीचं, स्थावराचं जे मूळ तेच त्याचंही. म्हणजे दूरचा का होईना, भाऊबंदच निघाला. कोर्टाचा स्टे याच नोंदीत होता, पाहुण्याच्या मुक्कामाशेजारी. जो हॉटेलात तीन दिवस राहतो त्याचाही स्टे आणि ज्याची फाशी पुढं ढकलली त्याचाही स्टे. दुसरा स्टे टेकूचा. पडायला आलेल्या भिंतीला लावतात तो वासा. तोही फ्रेंचमार्गेच आला, पण त्याचं मूळ उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांत. जुन्या काळी इंग्रज बायका कंबर आवळायला जी कडक चोळी घालायच्या तिलाही याच शब्दाचं अनेकवचन. तिसरा जहाजाचा. डोलकाठी वाऱ्यात उभी राहावी म्हणून तिला ताणून बांधलेला दोर. हा तिघांत इंग्रजीच्या घरचा, अगदी जुना.

“एक लफ्ज नक्को समझ बेटा,” वकीलसाहेब म्हणाले. “तीन अलग खानदान के लोगां हैं, एक मकान में रहते. मुसीबत में कौन दरवाज़ा खोलेगा, मालूम नहीं.”

मग त्यांनी मला आपल्या सरकारी शब्दाबद्दल विचारलं. स्थगिती. मी म्हटलं, थांबणं, स्था, तेच मूळ असणार. ते खूश झाले, कारण मी चुकले होते. स्थगितीचं मूळ स्थग्, आणि त्याचा अर्थ झाकणं, पांघरूण घालणं. लांबून बघितलं तर इंग्रजीत गवतानं घर शाकारण्याला जो शब्द आहे तो याच्याच कुळातला निघतो, असं त्यांनी सांगितलं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मला ते फार सुंदर वाटलं. उभं राहणं, टेकू, दोर, छप्पर. वाटलं, पत्रकाला याहून चांगला मजकूर काय असणार.

नक्कल हातात आल्यावर मात्र ते शब्दकोश मिटून एकदम रुक्ष झाले. मराठीत, सावकाश, मला कळावं म्हणून म्हणाले की ताबा जैसे थे याचा अर्थ नीट समजून घ्या. ताबा दिसला पाहिजे. कुणी ना कुणी तिथं बसलेलं असलं पाहिजे, चूल पेटलेली असली पाहिजे. मी हो म्हटलं. मी खरंच ऐकलं होतं.

वस्तीवर मी स्टे घेऊन गेले तेव्हा बायकांनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. थोरलीनं कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. एवढासाच का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी समजावून सांगितलं, आता कुणाच्या बापाची हिंमत नाही. हे शब्द माझे आहेत.

दिवाळी झाली की ही माणसं निघतात. खरिपाची रानं मोकळी झाली की सिल्लोडच्या बाजूला मक्याच्या आणि कापसाच्या रानांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, यांना दाणे. पावसाळ्याच्या तोंडावर परत. दरवर्षीचं आहे, त्यात काही नवीन नाही. मी वकीलसाहेबांचं म्हणणं सांगितलं, कुणीतरी मागं राहा. तेव्हा वस्ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी काही अभद्र बोलले होते.

“मागं कोन राहतं, पोरी?” थोरली म्हणाली. “ज्याला चालता येतं ते चालतं. नाय येत ते घोड्यावर बसतं. मागं राहतं ते पुरलेलं.”

तिचा मुलगा म्हणाला, म्याडम, तुमचा स्टे राहील की मागं, त्याला काय चारा लागतो का. सगळे हसले. मीही हसले. मला ते लोक, त्यांचं ते न वाकणं, इतकं आवडलं की मी पुढं काही बोलले नाही. आणि मनात होतं, हुकूम आहे, शिक्का आहे, भीती कसली.

निघायच्या आधीचे दोन दिवस मी तिथंच होते. निघायची त्यांची एक रीत आहे. पत्रे उतरवून गावातल्या ओळखीच्या माणसाच्या गोठ्यात ठेवतात. कुंपणाचे काटे एका जागी जाळतात. चुलीचे दगड उचलून ओढ्यात नेऊन टाकतात, राख उधळतात, आणि मग सगळ्या बाया मिळून जिथं जिथं घर होतं ती जमीन शेणानं सारवतात. कंबरभर भिंतीसुद्धा वरून सारवून गुळगुळीत करतात, नुसत्या बांधासारख्या दिसाव्यात अशा. आपण उठलो त्या जागेवर आपली भूक राहू द्यायची नाही, असं थोरलीनं मला सांगितलं. जिनं आपल्याला इतके महिने अंगावर घेतलं तिला जाताना न्हाऊ घालायचं. घाण टाकून उठणारी माणसं वेगळी, आपण नव्हं.

मीही सारवलं. हाताला शेणाचा वास दोन दिवस राहिला. संध्याकाळच्या उन्हात ते सगळं गायरान ओलं, हिरवट, एकसारखं दिसत होतं. तिथं कधी कुणी राहत होतं असं सांगूनही खरं वाटलं नसतं. मी फोटो काढला.

मी मागं राहू शकले असते. हे वाक्य मी फिरवून फिरवून पाहिलंय, त्याला दुसरं काही करता येत नाही. माझ्याकडं खोली सोडून यायला काही अडचण नव्हती. एक पाल, एक चूल, पुढच्या तारखेपर्यंतचे दोन-तीन महिने. पण माझी शहरात बैठक होती, मग दुसरी होती, आणि पत्रक छापायला टाकायचं होतं.

पत्रक मी जीव ओतून लिहिलं. लोक मेंढपाळांना घाणेरडे म्हणतात, अतिक्रमणवाले म्हणतात, त्यांना उत्तर द्यायचं होतं. मथळा झाला, मधे तो सारवलेल्या जमिनीचा फोटो, आणि शेवटची ओळ: हे लोक जिथं राहतात तिथं आपली एक खूणही मागं ठेवत नाहीत. छापखानेवाल्यानं मान डोलवली. क्रांती चौकात, विद्यापीठात, बसस्टँडवर आम्ही ती गुलाबी पत्रकं वाटली. कौतुक झालं. एकानं पाठ केली होती ती ओळ.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलानं आधी पाहणीचा पंचनामा दिला. जागेवर कुणी नाही, घर नाही, चूल नाही, राख नाही, जनावर नाही. सोबत फोटो. आमच्या वकीलसाहेबांनी सांगितलं, हे हंगामी आहेत, दरसाल जातात, दरसाल येतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यावर समोरच्यानं फाईलमधून एक गुलाबी कागद काढला. हे अर्जदारांच्याच बाजूचं पत्रक आहे, म्हणाला, फोटो त्यांचाच, मजकूर त्यांचाच. आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. नीट, थांबत थांबत, मी लिहिताना जशी ऐकली होती तशीच. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वकीलसाहेबांनी वळून माझ्याकडं पाहिलं नाही. रेशनकार्डं दाखवली, त्यांवर गावाचं नाव होतं, गायरानाचं नव्हतं. कोर्टानं विजेचं बिल विचारलं, वीजच कधी आली नव्हती. स्टे उठला.

बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले की अपील करू. मग म्हणाले, पत्रक मला आधी दाखवायचं होतं. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते.

सिल्लोडच्या पुढं एका मक्याच्या रानात त्यांचा मेंढरांचा वाडा बसला होता, तिथं मी सांगायला गेले. बसनं गेले, मग शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर. बायका भाकरी टाकत होत्या. थोरली एका आजारी कोकराचं तोंड उघडून त्यात काढा ओतत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. व्यवस्था, भांडवल, जमिनीचे दलाल, हे सगळे शब्द मी येताना तयार ठेवले होते. एकही कामाला आला नाही. पत्रकाचंही सांगितलं. ते लपवलं नाही, एवढं एकच मी नीट केलं.

थोरलीच्या मुलानं विचारलं की आत्ता लगेच परत निघालो तर. मी म्हटलं, आता तिथं पोचेपर्यंत तारेचं कुंपण लागेल.  मग तो म्हणाला, “ताई, तुमी जेवून जा.” त्या दिवसापासून त्यानं मला म्याडम म्हणणं सोडलं. तो टोमणा मला परत हवा होता.

थोरलीनं कोकराला खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

“सारवलं ते चुकलं का गं आमचं?”

मी नाही म्हटलं. ती थांबून राहिली, जणू पुढं आणखी काही येणार होतं.  मग तीच म्हणाली की सासूनं तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूनं, आणि आजवर कुणी म्हटलं नाही की घाण ठेवून जा म्हंजी घर तुमचं राहील. हे ती रागानं म्हणाली नाही. हिशेब लागत नसला की माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो, तशी म्हणाली.

परत येताना बसमध्ये माझ्या वहीतलं ते पान मी वाचलं. उभं राहणं, टेकू, दोर, झाकण. शब्दाचा काही दोष नव्हता. त्याचा अर्थ मला नीट सांगितला होता आणि मला तो नीट कळलाही होता. कुणी अडाणी माणूस फसला अशी ही गोष्ट नाही. शिकलेली मीच होते, आणि मला त्या शब्दाच्या तीनही खानदानांची नावं येत होती. त्या वेळी मला त्या वहीचा राग आला. खोलीच्या खिडकीतून दिसायचं, खालच्या सोसायटीतला एक माणूस रोज सकाळी आपल्या कुत्र्याला हाच शब्द शिकवायचा. बोट वर करून, करड्या आवाजात. कुत्रं बसून राहायचं. मी ते बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

ज्येष्ठात वस्ती परत आली. तार लागलेली होती आणि आत मशीन चालू होतं. गोदामाच्या पायासाठी माती चार-पाच फूट काढली होती, जिथं घरं होती तिथं खड्डा होता. मेंढरं सवयीनं तारेपर्यंत गेली आणि तारेला तोंड लावून उभी राहिली. त्यांना वळवायला थोरलीच्या मुलाला अर्धा तास लागला. तिथल्या रखवालदारानं आवाज दिला की लवकर उरका, साहेब यायचेत. 

आठ-दहा दिवस ते रस्त्याच्या कडेला राहिले. गावातल्या ज्याच्या गोठ्यात पत्रे ठेवले होते त्यानं ते परत केले, पण उभे करायचे कुठं. मग एकेक बिऱ्हाड सुटत गेलं. कुणी बायकोच्या माहेरी, कुणी मेंढरं विकून शहरात, वीटभट्टीवर, सळई बांधायच्या कामावर. अपिलाच्या कागदांवर अंगठे घ्यायला मी गेले तेव्हा एकविसातली सहा घरं एका ठिकाणी सापडली. बाकीच्यांना गाठायला मी दोन महिने फिरले. एका माणसानं अंगठा द्यायला सरळ नकार दिला. पुन्हा कागद नको, म्हणाला.  थोरलीनं दिला. तिनं विचारलं नाही कशावर देतेय.

अपील दाखल झालं. तारीख लागलेली नाही. वकीलसाहेबांचे डोळे गेले, ते आता घरीच असतात. फाईल त्यांच्या ओळखीच्या एका तरुण वकिलाकडं आहे, तो माझा फोन दोन वेळा उचलतो आणि तिसऱ्या वेळी उचलत नाही. मी पत्रकं अजून लिहिते, कारण दुसरं काही येत नाही. शेवटची ओळ लिहायला बसले की हात थांबतो, मग ती मी दुसऱ्या कुणालातरी लिहायला सांगते.

थोरली मुलाबरोबर सिल्लोडकडंच राहिली, एका शेतकऱ्याच्या मळ्यात, मेंढरं फार उरली नाहीत. महिन्यातून एकदा मुलाच्या फोनवरून माझ्याशी बोलते. कोर्टाचं विचारत नाही. विचारते, यंदा गायरानात गवत कसं हाय. मी पैठण रस्त्यानं जातेयेते, मला माहीत आहे, म्हणून खरं तेच सांगते की तिथं आता गोदाम उभं आहे आणि बाकी सगळं सिमेंट. बरं, म्हणते. पुढच्या महिन्यात ती परत विचारते, यंदा गवत कसं हाय.